वाट कोणतीही, बेरीज तीच

थंडीच्या दिवसांत एक बातमी कुठून ना कुठून कानावर येते. उबेसाठी दारं-खिडक्या लावून घेतल्या, कोळशाची शेगडी पेटती ठेवली, घरातली माणसं झोपली आणि सकाळी उठलीच नाहीत. त्या शेगडीतून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही. कोळशाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. ऑक्सिजन अपुरा पडला, तर जळण्याचं काम अर्ध्यावरच थांबतं आणि हा विषारी वायू तयार होतो.

आता एक साधा प्रश्न विचारू. कोळसा पूर्ण जळताना किती उष्णता देतो, हे मोजता येतं. मग तो अर्धवट जळताना, म्हणजे त्याचा फक्त मोनॉक्साइड होताना, किती उष्णता देतो? हे मोजायला गेलं की पंचाईत होते, कारण कोळसा ठरवून नेमका अर्धाच जाळता येत नाही. ऑक्सिजन कितीही तोलूनमापून दिला, तरी काही भाग पूर्ण जळतोच आणि काही तसाच राहतो. असं असूनही रसायनशास्त्राच्या पुस्तकांतल्या कोष्टकांत हा आकडा दशांशापर्यंत दिलेला असतो: १२ ग्रॅम कार्बनमागे ११०.५ किलोज्यूल. जी क्रिया निखळ स्वरूपात घडवताच येत नाही, तिचा आकडा इतका नेमका आला कुठून?

तो आला एका हिशेबातून. या हिशेबाला आज ‘एन्थाल्पी चक्र’ म्हणतात आणि तो ज्या नियमावर उभा आहे त्याला ‘हेसचा नियम’. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतली मुलं हा नियम पाठ करतात, त्यावरची गणितं सोडवतात आणि परीक्षा झाली की बहुधा विसरतात. पण या नियमामागे एका माणसाची आणि एका शतकाची गोष्ट आहे. ती ऐकण्यासाठी विज्ञान शाखेला असण्याची गरज नाही. आकाशवाणीवर बोलताना समोर फळा नसतो, त्यामुळे समीकरणं बाजूला ठेवून शब्दांतच सांगतो.

गोष्टीची सुरुवात पॅरिसमध्ये होते. १७८२-८३च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए हा रसायनशास्त्रज्ञ आणि पिएर सिमाँ लाप्लास हा गणिती या दोघांनी उष्णता मोजण्याची एक युक्ती काढली. आतल्या भांड्यात एखादी वस्तू ठेवायची किंवा एखादी क्रिया घडवायची आणि त्याच्याभोवती बर्फ भरायचा. क्रियेतून उष्णता निघाली की बर्फ वितळतो. वितळलेलं पाणी खाली गोळा करायचं आणि त्याचं वजन करायचं. पाणी जितकं जास्त, तितकी उष्णता जास्त. बाहेरच्या हवेची ऊब आत पोचू नये म्हणून त्या बर्फाभोवती बर्फाचाच आणखी एक थर असे. हिवाळ्याची निवड त्यासाठीच होती.

त्या भांड्यात त्यांनी कोळसा जाळला आणि एक जिवंत गिनीपिगही ठेवला. गिनीपिगच्या अंगातून निघालेली उष्णता आणि त्यानं श्वासातून सोडलेला वायू यांची त्यांनी जळत्या कोळशाशी तुलना केली. श्वास घेणं हेसुद्धा एक मंद जळणंच आहे, हे त्यांनी त्यावरून सांगितलं. याच कामातून त्यांनी आणखी एक तत्त्व मांडलं: एखादा पदार्थ तयार होताना जितकी उष्णता बाहेर पडते, तितकीच तो मोडताना परत द्यावी लागते. पुढच्या हिशेबाची पहिली ओळ इथे लिहिली गेली. लाव्हाझिएला मात्र ती वही पुढे नेता आली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत, ८ मे १७९४ रोजी त्याला गिलोटिनखाली जावं लागलं. कर गोळा करणाऱ्या कंपनीतला भागीदार, हा त्याचा गुन्हा ठरला.

यानंतरची गोष्ट घडते ती थेट रशियात. जेर्मेन आंरी हेस हा १८०२ मध्ये जिनिव्हात जन्मला. त्याचे वडील चित्रकार होते. पोटापाण्यासाठी ते रशियात एका श्रीमंत घराण्याकडे शिक्षक म्हणून गेले आणि तीन वर्षांचा हेस आईबरोबर त्यांच्यामागून रशियात पोचला. पुढे सगळं आयुष्य त्यानं तिथेच काढलं. रशियन माणसं त्याला गेर्मान इवानोविच म्हणत. दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तू गावच्या विद्यापीठात तो वैद्यक शिकला आणि १८२५ मध्ये डॉक्टर झाला. त्याचा प्रबंध होता रशियातल्या औषधी झऱ्यांच्या पाण्यावर. म्हणजे शिक्षण डॉक्टरचं, पण ओढा पाण्यात काय विरघळलं आहे इकडे. त्यानंतर तो थोडे दिवस स्टॉकहोमला बर्झेलियसकडे राहिला. बर्झेलियस हे त्या काळातल्या रसायनशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव. मग उरल पर्वतात खनिजांच्या शोधमोहिमेवर गेला आणि पुढे सायबेरियातल्या इर्कुट्स्कला डॉक्टरकी केली. तिथेही रोग्यांच्या नाड्या पाहता पाहता त्यानं आसपासच्या क्षारांचं आणि पाण्याचं पृथक्करण चालूच ठेवलं.

१८३० मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला आला आणि पूर्णपणे रसायनशास्त्राचा झाला. तिथल्या विज्ञान अकादमीचा सदस्य, तंत्रविद्येच्या आणि खाणविद्येच्या संस्थांत प्राध्यापक, अशी कामं त्यानं केली. १८३१ पासून त्याचं रसायनशास्त्राचं रशियन पाठ्यपुस्तक निघू लागलं आणि त्याच्या सात आवृत्त्या झाल्या. या पुस्तकानं रशियन भाषेत रसायनशास्त्राची परिभाषा रुळायला मोठी मदत केली. परदेशात जन्मलेल्या माणसानं आपल्या नव्या देशाच्या भाषेत शास्त्र बोलकं करावं, ही गोष्ट भाषेवर जीव असणाऱ्या कुणालाही थांबून पाहावीशी वाटेल. त्याचा विद्यार्थी वोस्क्रेसेन्स्की हा पुढे मेंडेलीव्हचा शिक्षक झाला. मूलद्रव्यांचं आवर्ती कोष्टक मांडणारा तोच हा मेंडेलीव्ह.

आता हेसच्या मुख्य प्रयोगाकडे येऊ. गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, पाण्यात मिसळलं की भांडं हाताला चटका बसेल इतकं तापतं. तेच आम्ल अमोनियासारख्या अल्कलीत मिसळलं, की दोघं एकमेकांना उदासीन करतात आणि पुन्हा उष्णता निघते. जाता जाता सांगतो, हा ‘अल्कली’ शब्द मूळचा अरबी आहे. ‘अल्-कली’ म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती जाळून मिळणारी राख. अरबी किमयागारांच्या भट्टीतून निघालेला हा शब्द लॅटिनमधून युरोपात फिरला आणि इंग्रजीच्या हातून आपल्या शाळेच्या पुस्तकात येऊन बसला. शब्दही वाटा बदलत प्रवास करतात.

हेसनं काय केलं? त्यानं एकाच शेवटाकडे जाणाऱ्या चार वाटा घेतल्या. पहिल्या वेळी तीव्र आम्ल थेट अमोनियाच्या द्रावणात मिसळलं. दुसऱ्या वेळी आम्लात आधी थोडं पाणी घातलं, त्यात किती उष्णता निघाली ते धरलं आणि मग ते पातळ आम्ल अमोनियात मिसळून पुन्हा मोजलं. तिसऱ्या वेळी आधी घातलेलं पाणी वाढवलं आणि चौथ्या वेळी आणखी वाढवलं. शेवटी भांड्यात उरणारा पदार्थ चारही वेळा एकच.

त्याच्या तक्त्यातले आकडे बोलके आहेत. त्या काळचं एकक बाजूला ठेवू, नुसते आकडे पाहू. थेट वाटेनं ५९५.८. दुसऱ्या वाटेनं पाण्यात ७७.८ आणि अमोनियात ५१८.९, बेरीज ५९६.७. तिसऱ्या वाटेनं ११६.७ आणि ४८०.५, बेरीज ५९७.२. चौथ्या वाटेनं १५५.६ आणि ४४६.२, बेरीज ६०१.८. पाण्यात जितकी उष्णता जास्त निघून गेली, तितकी ती अमोनियाच्या वेळी कमी निघाली. चार बेरजांमधला मोठ्यात मोठा फरक सहाशेत सहाचा, म्हणजे शंभरात एकाचा. १८४०च्या उपकरणांनी इतकं जमणं ही लहान गोष्ट नव्हती.

त्यावरून त्यानं १८४० मध्ये नियम मांडला. एखादा पदार्थ तयार होताना निघणारी एकूण उष्णता कायम असते. मग तो एका टप्प्यात तयार होवो की अनेक टप्प्यांत. सुरुवात आणि शेवट ठरले, की बेरीज ठरली. मधली वाट कोणतीही असो.

गंमत अशी, की हेसला मुळात शोधायचं होतं ते वेगळंच. डाल्टन आणि बर्झेलियस यांच्या काळापासून रसायनशास्त्रज्ञांना एक गोष्ट ठाऊक होती. दोन मूलद्रव्यं एकापेक्षा जास्त संयुगं करतात, तेव्हा त्यांची वजनं एकास एक, एकास दोन अशा साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात येतात. हेसला वाटलं, उष्णताही अशीच पूर्णांकांच्या पटीत बाहेर पडत असली पाहिजे. वरचे पाण्याचे तीन आकडे पुन्हा पाहा: ७७.८, ११६.७, १५५.६. हे ३८.९ या संख्येची नेमकी दुप्पट, तिप्पट आणि चौपट आहेत. त्याला आपल्या कल्पनेची सुंदर नक्षी त्या आकड्यांत दिसत होती. पुढच्या काळातल्या काटेकोर मोजमापांत ही नक्षी टिकली नाही, कारण उष्णता अशा गोल टप्प्यांत निघत नाही. पण त्या नक्षीच्या शोधात असताना हाती लागलेला बेरजेचा नियम मात्र टिकला. ज्या खजिन्यासाठी खणलं तो मिळाला नाही, पण खणताना विहीर लागली.

या नियमाचं मोल कळायला तो काळ लक्षात घ्यावा लागतो. १८४० मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अजून कोणी मांडलेला नव्हता. उष्णता हा एक वजन नसलेला, पदार्थांत मुरलेला द्रव आहे, अशीच समजूत बहुतेकांची होती. त्याच १८४० साली युलियस मेयर नावाचा एक तरुण जर्मन डॉक्टर डच जहाजावरून जावाला पोचला होता. तिथे खलाशांचं रक्त काढताना त्याला शिरेतलं रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसलं. उष्ण प्रदेशात शरीराला ऊब टिकवण्यासाठी कमी जाळावं लागतं, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो, असा त्यानं तर्क केला आणि त्या तर्काचा धागा धरून तो १८४२ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेपर्यंत पोचला. १८४३ पासून इंग्लंडमध्ये जूलनं यांत्रिक काम आणि उष्णता यांचा विनिमयदर मोजला. १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झनं ते तत्त्व गणितात बसवलं. हेसचा नियम या सगळ्यांच्या आधीचा. मोठ्या नियमाची एक फांदी बुंध्याच्या आधी दिसली, असं म्हणता येईल.

हेसला हे सगळं नीट पाहायला फार वर्षं मिळाली नाहीत. त्याची प्रकृती ढासळली आणि १८५०च्या डिसेंबरात, अवघ्या ४८व्या वर्षी तो गेला. त्याचं काम बराच काळ विस्मरणात राहिलं. १८९० मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्डनं विज्ञानातल्या अभिजात ग्रंथांच्या आपल्या मालेत ते पुन्हा छापलं, तेव्हा ते नव्या पिढीसमोर आलं. चांदी आणि टेल्युरियम यांच्या एका खनिजाला ‘हेसाइट’ हे नाव मात्र त्याच्या हयातीतच मिळालं होतं.

आता सुरुवातीच्या कोळशाकडे येऊ. सरकारी दवाखान्यात वजनकाट्यावर लहान मूल स्थिर उभं राहत नाही. मग काय करतात? आईला मुलासकट काट्यावर उभं करतात, मग मूल खाली ठेवून आईला एकटीला. वजाबाकी केली की मुलाचं वजन मिळालं. मूल काट्यावर एकटं उभं राहिलंच नाही, तरी त्याचं वजन चुकत नाही. हेसच्या नियमाचा वापर नेमका असाच आहे.

कार्बन डायऑक्साइडपर्यंत जायच्या दोन वाटा आहेत. एक थेट: १२ ग्रॅम कार्बन पूर्ण जाळला की ३९३.५ किलोज्यूल उष्णता मिळते. हे मोजता येतं. दुसरी वाट दोन टप्प्यांची: आधी कार्बनचा मोनॉक्साइड करायचा, मग तो मोनॉक्साइड जाळायचा. यातला दुसरा टप्पाही मोजता येतो. तेवढा मोनॉक्साइड जाळल्यावर २८३ किलोज्यूल मिळतात. दोन्ही वाटांची बेरीज सारखी असलीच पाहिजे. मग ३९३.५ मधून २८३ वजा करा. उरतात ११०.५. हाच तो कुणी थेट न मोजलेला आकडा.

या आकड्यात घरातल्या चुलीसाठी एक धडाही आहे. मोनॉक्साइड होताना कार्बन निम्मा ऑक्सिजन घेतो, तेव्हा उष्णताही निम्मी मिळेल असं वाटतं. पण ११०.५ हा आकडा ३९३.५च्या निम्मा नाही. पाव हिश्शापेक्षा थोडाच जास्त आहे. म्हणजे हवा कोंडलेली चूल विष तर ओकतेच, शिवाय कोळशाच्या त्या भागातली जवळजवळ पाऊण उष्णता न वापरताच धुराबरोबर सोडून देते. जीव आणि जळण दोन्ही वाया.

हीच रीत मिथेन वायूला लावू. नळानं स्वयंपाकघरात येणाऱ्या गॅसचा हा मुख्य घटक. कार्बन आणि हायड्रोजन एकत्र ठेवून त्यांच्यापासून निखळ मिथेन करणं आणि त्यातली उष्णता मोजणं फार अवघड. पण तिघांनाही वेगवेगळं जाळता येतं. १२ ग्रॅम कार्बन ३९३.५ देतो, ४ ग्रॅम हायड्रोजन ५७१.६ देतो, मिळून ९६५.१. त्यांच्यापासूनच झालेला १६ ग्रॅम मिथेन जाळला तर ८९०.३ मिळतात. राख आणि पाणी म्हणा, शेवट दोन्हीकडे तोच: कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मग मधले ७४.८ किलोज्यूल गेले कुठे? ते मिथेन तयार होतानाच बाहेर पडलेले असणार. अशा वजाबाक्या करकरून रसायनशास्त्रज्ञांनी हजारो पदार्थांची कोष्टकं तयार केली आहेत. एखादं नवं इंधन बाटलीत भरण्याआधीच ते साधारण किती तापेल, हे कागदावर सांगता येतं ते या कोष्टकांमुळे.

कोष्टकं भरण्याचं हे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः दोघांनी केलं: कोपनहेगनचा युलियस थॉमसेन आणि पॅरिसचा मार्सेलँ बर्थेलो. थॉमसेनची मोजमापं १८८२ ते १८८६ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाली. बर्थेलोनं पोलादी बंद भांड्यात दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पदार्थ क्षणात जाळून मोजण्याचं उपकरण वापरात आणलं. अन्न आणि इंधन यांचं उष्णतामूल्य काढायला त्याच जातीचं उपकरण आजही वापरतात. दोघंही अफाट मेहनती आणि दोघांमध्ये श्रेयावरून वाद. पण दोघांची एक समजूत सारखी होती. ज्या क्रियेत जास्तीत जास्त उष्णता निघते, तीच क्रिया आपोआप घडते, असं दोघांनी मांडलं.

ही समजूत चुकीची होती, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. भांड्यांना कल्हई लावणाऱ्याकडे नवसागर असे. तो पाण्यात टाकला की आपोआप विरघळतो आणि पाणी गार पडतं. म्हणजे उष्णता बाहेर निघत नाही, उलट आत घेतली जाते. तरीही क्रिया घडते. क्रिया कोणत्या दिशेला जाईल, हे ठरवायला उष्णतेबरोबर आणखी एक राशी लागते, एन्ट्रॉपी. अमेरिकेत गिब्जनं १८७०च्या दशकात आणि जर्मनीत हेल्महोल्ट्झनं १८८२ मध्ये ते स्पष्ट केलं. आणि क्रिया किती वेगानं होईल, हे तर उष्णतेच्या हिशेबात अजिबातच नसतं. १२ ग्रॅम हिरा जाळला तर ३९५.४ किलोज्यूल मिळतात, पेन्सिलीतल्या शिशासारखं १२ ग्रॅम ग्राफाइट जाळलं तर ३९३.५. हिशेबानं हिरा १.९ किलोज्यूल वरच्या पायरीवर आहे. एन्ट्रॉपी धरली तरी त्यानं उतरून ग्राफाइट व्हायला हवं. पण आजीच्या अंगठीतला हिरा नातीच्या बोटातही हिराच राहतो. जमाखर्चाची वही शिल्लक सांगते. व्यवहार कधी होईल, हे सांगत नाही.

‘एन्थाल्पी’ हा शब्द या गोष्टीत फार उशिरा आला. ग्रीक भाषेत ‘थाल्पोस’ म्हणजे ऊब, आणि एन्थाल्पी म्हणजे आत साठलेली ऊब. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा शब्द प्रचारात आला आणि त्याचं जनकत्व हॉलंडमधल्या लायडनच्या हाइके कामर्लिंग ओनेस याच्याकडे दिलं जातं. हा तोच शास्त्रज्ञ, ज्यानं १९०८ मध्ये हेलियम वायू पहिल्यांदा द्रवरूप केला आणि तोवर पृथ्वीवर कुणी न पाहिलेली थंडी प्रयोगशाळेत आणली. सर्वांत गार जागा निर्माण करणाऱ्यानं उबेला नाव द्यावं, हा योग शब्दांच्या माणसाला सुखावणारा आहे. एन्थाल्पीचा अर्थ मात्र काटेकोर आहे. उघड्या भांड्यात क्रिया घडते, तेव्हा तयार होणारा वायू भोवतालच्या हवेला ढकलून जागा करून घेतो. त्या ढकलण्यालाही ऊर्जा लागते. हा खर्चही हिशेबात धरून, दाब कायम असताना होणारी उष्णतेची देवघेव म्हणजे एन्थाल्पीतला बदल.

१९१९ मध्ये या चक्राचं एक नवं रूप पुढे आलं. माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर या दोन जर्मन शास्त्रज्ञांचं नाव त्याला मिळालं. प्रश्न होता आपल्या रोजच्या मिठाचा. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन यांचे विद्युतभारित कण एकमेकांना किती घट्ट धरून असतात? ते थेट मोजणं अवघड. मग फेरा घेतला. ५८.५ ग्रॅम मीठ त्याच्या मूलद्रव्यांपासून बनताना ४११ किलोज्यूल बाहेर पडतात, ही झाली थेट वाट. आता आडवाट: सोडियमची वाफ करायला १०७, त्या वाफेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरीनच्या जोड्या तोडायला १२२. खर्च झाला ७२५. क्लोरीननं ते इलेक्ट्रॉन घेताना ३४९ परत दिले. नक्त खर्च ३७६. तरीही शेवटी ४११ची जमा व्हायची आहे. म्हणजे ते कण एकत्र येऊन खडा बनताना ७८७ किलोज्यूल मिळाले पाहिजेत. चिमूटभर मीठ भट्टीशिवाय वितळत का नाही, याचं उत्तर या मोठ्या आकड्यात आहे.

या चक्राला जोडलेली दोन नावं वाचताना मन थांबतं. त्याच्या चारच वर्षं आधी, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं क्लोरीनचे ढग शत्रूच्या खंदकांवर सोडले होते. ते काम हाबरच्या देखरेखीखाली झालं. बॉर्नला विषारी वायूच्या या युद्धाचा तिटकारा होता. तरीही मिठाच्या हिशेबात दोघांची नावं एकत्र आली. पुढे १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीत दोघंही ज्यू म्हणून मायदेशाला मुकले. हाबर १९३४च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमध्ये वारला. बॉर्न इंग्लंडला गेला आणि १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिला. क्लोरीन मिठात असला तर जेवणाला चव आणतो आणि खंदकात सोडला तर फुप्फुसं जाळतो. दोन्हीकडे अणू तेच. रसायनशास्त्राची वही ही निवड करून देत नाही. ती माणसालाच करावी लागते.

हा नियम आपल्या ताटापर्यंतही येतो. साखर चुलीत टाकली तर भडकून जळते. तीच पोटात गेली तर पेशींमध्ये डझनभर टप्प्यांतून, ज्योत न दिसता, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. वाट इतकी वेगळी, तरी एकूण ऊर्जा तीच असते का? जर्मनीत माक्स रुबनरनं एका कुत्र्याला उष्णता मोजणाऱ्या पेटीत ठेवून हे तपासलं आणि १८९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अन्नाच्या हिशेबानं यायला हवी ती उष्णता आणि प्रत्यक्ष मोजलेली उष्णता यांत एक टक्क्याचाही फरक पडला नाही. प्रथिनांच्या बाबतीत मात्र एक वजावट करावी लागते. शरीर ती पूर्ण जाळत नाही, त्यांचा काही भाग युरिया म्हणून लघवीतून बाहेर जातो. ती वजावट धरून अमेरिकेत ॲटवॉटरनं जे सरासरी आकडे दिले, तेच आज बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या कॅलरींच्या मुळाशी आहेत: पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांना ग्रॅममागे चार, स्निग्धांना नऊ.

आणि शेवटी एक व्यावहारिक उपयोग. पाण्यावर चालणाऱ्या गाडीची बातमी अधूनमधून झळकते. पाणी भरा, त्याचा हायड्रोजन करा, तो जाळा आणि गाडी पळवा. भोळीभाबडी माणसं अशा यंत्रात पैसेही घालतात. हिशेब मांडून पाहा. २ ग्रॅम हायड्रोजन जळून १८ ग्रॅम पाणी होताना २८५.८ किलोज्यूल मिळतात. त्या पाण्यातून तेवढाच हायड्रोजन परत काढायला तेवढेच २८५.८ किलोज्यूल बाहेरून द्यावे लागतात. प्रत्यक्षात गळती धरून जास्तच. विजेनं काढा, रसायनानं काढा, कुठल्या गुप्त मुळीनं काढा. फेरा मारून जिथून निघालो तिथेच आलो, तर शिल्लक शून्य. हायड्रोजन हे साठवणीचं उत्तम साधन होऊ शकतं, पण पाणी हे इंधन नव्हे. ते जळून झालेल्या हायड्रोजनची राख आहे. राख पुन्हा पेटवून कुणाची भाकरी भाजत नाही. हे ओळखायला मोठी पदवी लागत नाही, १८४०चा एक नियम पुरतो.

मात्र या नियमाकडून त्याच्या कुवतीपलीकडचं काही मागू नये. बेरीज तीच राहते, हे तो सांगतो. वाट कोणती धरावी, हे सांगत नाही. कोळशाच्या बाबतीत दोन्ही वाटांची उष्णता अखेर सारखी भरते हे खरं. पण पहिल्या टप्प्यावर थांबलेल्या वाटेनं बंद खोलीतली माणसं मरतात. म्हणून हिशेब हेसकडून शिकावा, आणि शेगडी पेटवताना खिडकी उघडी ठेवावी.